हार्लन आपला की त्यांचा? तुम्ही विचारलंत म्हणून

एप्रिलमध्ये जयंतीचं व्याख्यान संपलं की चहाच्या कपाबरोबर प्रश्न येतो, “ताई, बाबासाहेबांच्या मंचावरून गुलाम बाळगणाऱ्या माणसाचं कौतुक कशाला?” जून-जुलैत प्रवेशाच्या याद्या लागल्या की बार रूममधले एक ज्येष्ठ वकील मोबाइल पुढे करतात, “मॅडम, तुमचाच हार्लन काय म्हणतो बघा. घटनेला रंग दिसत नाही. मग तुमचं आरक्षण कुठल्या तत्त्वात बसतं?” प्रश्न दोन, पण सूर एकच: हार्लन हा अमेरिकेतला न्यायमूर्ती आपला की त्यांचा, ते एकदा सांगून टाका. आजवर कधी हसून वेळ मारून नेली, कधी फाडकन बोलले आणि मग घरी येऊन चुकचुकत बसले. आता लिहूनच टाकते.

प्लेसी खटला तुम्हाला माहीत आहे, नाहीतर तुम्ही मला अडवलंच नसतं. १८९६, लुइझियाना राज्य, रेल्वेत गोऱ्यांचे डबे वेगळे, काळ्यांचे वेगळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले सात न्यायमूर्ती म्हणाले चालतं, एकटे जॉन मार्शल हार्लन म्हणाले चालत नाही. त्यापुढची उजळणी मी करणार नाही.

आधी चहावाल्यांचा प्रश्न. हो, बाळगत होता. केंटकीतलं बडं घर, वडील वकील आणि राजकारणी, मुलाचं नाव ठेवलं तेही सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यावरून. घरात गुलाम होते आणि याने त्यांना आपणहून सोडलं नाही. १८६५ च्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा ते सुटले. यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला, दहाव्या केंटकी पायदळाचा कर्नल होता, पण लढला तो संघराज्य फुटू नये म्हणून. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्याला पटला नव्हता. १८६४ मध्ये त्याने लिंकनच्या विरोधात मॅक्लेलनचा प्रचार केला. राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल असताना तेराव्या दुरुस्तीलाही विरोध केला. तुम्ही मला जे ऐकवता ते सगळं खरं आहे, आणि वर आणखी चार गोष्टी मीच देऊ शकते.

उदाहरणार्थ, १८६८ मध्ये तो रिपब्लिकन झाला, म्हणजे लिंकनच्याच पक्षात गेला. १८७१ मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला तेव्हा विरोधकांनी त्याचीच जुनी भाषणं काढून वाचायला सुरुवात केली. त्यावर त्याचं उत्तर असं होतं की मी सुसंगत नाही म्हणा हवं तर, पण बरोबर आहे म्हणा. (आपल्याकडे पक्ष बदलताना लोक ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव’ बदलतात. याने निदान स्वतःच्या नावावर बदलला.) ती निवडणूक हरला, १८७५ ची पण हरला. १८७६ च्या पक्षाच्या अधिवेशनात केंटकीची मतं हेज यांच्याकडे वळवली, पुढच्या वर्षी हेज राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी हा सर्वोच्च न्यायालयात. त्याआधी न्यायाधीश म्हणून अनुभव काय, तर एका काउंटीत जेमतेम वर्षभर. तेव्हा ही नेमणूक राजकीय बक्षिसी होती असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

त्याचं मन कशाने बदललं याच्या कथा पुष्कळ. त्याच्याच घरात रॉबर्ट हार्लन नावाचा, गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा वाढला होता. पुढे तो कॅलिफोर्नियात सोन्याच्या धामधुमीत पैसा कमावून आला, रेसचे घोडे पाळले, ओहायोच्या विधिमंडळात गेला. तो जॉनचा सावत्र भाऊ होता का यावर अजून वाद चालतो. रॉबर्टला पाहून जॉनचे डोळे उघडले, असं हळवेपणाने सांगणारे आहेत. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. घरातल्या एका माणसाला पाहून डोळे उघडायचे होते, तर घरात गुलाम राबत होते तेव्हा का नाही उघडले?

व्याख्यानांना लागते ती दौतीची गोष्ट. हॉटेलं, नाटकगृहं, गाड्या यांत काळ्यांना मज्जाव करू नये असा १८७५ चा कायदा होता. तो १८८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. तो एक म्हणजे हार्लन. भिन्नमत लिहायला बसला, पण लेखणी पुढे सरकेना. त्याच्याकडे एक जुनी दौत होती. काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक होताच येत नाही, असा ड्रेड स्कॉटचा निकाल सरन्यायाधीश टॉनी यांनी तिच्यातल्या शाईने लिहिला होता. ही दौत त्याने टॉनींच्या नात्यातल्या एका बाईंना देऊ केली होती, म्हणून बायको मॅल्व्हिनाने लपवून ठेवली होती. एका रविवारी तो चर्चला गेला असताना तिने ती काढली, घासूनपुसून लख्ख केली, शाई भरली आणि टेबलावर मांडली. नवरा परतला आणि मग लिहीतच सुटला. मॅल्व्हिनाने स्वतः हे लिहून ठेवलं आहे, म्हणून मी सांगते. सभागृह टाळ्या वाजवतं. त्या टाळ्यांना मी जरा घाबरते, कारण त्यानंतर माणूस देव होतो आणि पुढचं ऐकायला कुणी तयार नसतं.

आता मोबाइलवाल्यांचा प्रश्न. साहेब, तुमचा मजकूर एका वाक्याने सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्या परिच्छेदाचा आरंभ वेगळा आहे. हार्लन लिहितो की गोरा वंश स्वतःला या देशातला वरचढ वंश समजतो. प्रतिष्ठा, कर्तृत्व, शिक्षण, संपत्ती, सत्ता, सगळ्यात तो तसा आहेही, आणि आपला वारसा व घटनास्वातंत्र्याची तत्त्वं सांभाळली तर कायम तसाच राहील यात मला शंका नाही. इतकं झाल्यावर मग येतं: पण घटनेच्या नजरेत इथे कुणी श्रेष्ठ, सत्ताधारी वर्ग नाही, इथे जात नाही, आपल्या घटनेला रंग दिसत नाही. म्हणजे रंग न पाहणारी घटना आली म्हणून गोऱ्यांचं वर्चस्व जाईल अशी भीती त्याला नव्हती. ती असूनही वर्चस्व टिकेल याची त्याला खात्री होती. तुम्ही ते वाक्य आरक्षणावर फेकता, तेव्हा त्याच्या मागचं हे वाक्यही बरोबर घेता ना? थोडं पुढे गेलात तर चिनी लोकांबद्दल वाचाल. हा वंश आमच्याहून इतका वेगळा की आम्ही त्याला नागरिकच होऊ देत नाही, तरी चिनी माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो आणि काळा नागरिक नाही, असा त्याचा युक्तिवाद. दोन वर्षांनी, अमेरिकेत जन्मलेला वाँग किम आर्क जन्माने नागरिक ठरला तेव्हाही हार्लन विरोधी मतात होता.

शिवाय हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मद्रासची जातवार जागावाटणी रद्द केली, आणि दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासांसाठी खास तरतुदींची मुभा देणारं कलम १५(४) आलं. कायदामंत्री कोण होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेत २०२३ मध्ये हार्वर्डच्या वंश पाहून होणाऱ्या प्रवेशांचा निकाल लागला तेव्हा बहुमतानेही हार्लनला साक्षीला बोलावलं आणि विरोधी मतानेही. त्यामुळे मोबाइल बंद केलात तरी चालेल.

मुळात मी हार्लन शिकवते ते या रंगाच्या वाक्यासाठी नाहीच. लुइझियानाचा बचाव असा होता: कायदा दोघांना सारखा. काळा गोऱ्यांच्या डब्यात नाही, तसाच गोराही काळ्यांच्या डब्यात नाही. बहुमताने तो मानला, आणि वर म्हटलं की यात काळ्यांना कमीपणा वाटत असेल तर तो अर्थ त्यांनी स्वतःच लावलेला आहे. हार्लनने लिहिलं, सगळ्यांना माहीत आहे की हा कायदा गोऱ्यांना काळ्यांच्या डब्यांपासून दूर ठेवायला नव्हे, काळ्यांना गोऱ्यांच्या डब्यांपासून दूर ठेवायला केला आहे.

हे ‘सगळ्यांना माहीत आहे’ निकालपत्रात यायला काय लागतं, ते दुपारच्या कोर्टात उभं राहणाऱ्याला विचारा. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करता करता आमची हाडं झिजतात. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये फिर्यादी बाईला उलटतपासात विचारतात, “विहिरीवर यायला मनाई आहे असा ग्रामपंचायतीचा ठराव आहे का?” नाही. “तसा फलक आहे का?” नाही. “मग मनाई आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?” बाई माझ्याकडे बघते. तिला वाटतं या माणसाला खरंच कळत नाहीये. त्याला कळत असतं. त्याचं गावही तिथून लांब नसतं. अशा वेळी बाकावरून कुणीतरी म्हणावं, अहो, हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला. १८९६ मध्ये एकाने म्हटलं. माझं कौतुक इतकंच होतं, आणि ते मी सोडणार नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग कमिंग खटला.

मी लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, सकाळच्या सत्रात. निम्मी मुलं पेंगत असतात. प्लेसी संपवून मी पुस्तक मिटत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून वसतिगृहातली एक मुलगी उठली. तिने मोबाइलवर पुढचं काहीतरी काढलं होतं. “मॅडम, तीन वर्षांनी शाळा बंद करणारा हार्लन तो हाच का?” मी म्हटलं, हो. मला ते प्रकरण माहीत होतं. माझ्या टिपणांत त्यावर दोन ओळी होत्या. पण ती बसली नाही, आणि तिने मग तो निकाल वर्गात मोठ्याने वाचायला लावला.

जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचं शहर आहे. तिथे १८८० मध्ये काळ्या मुलांसाठी वेअर हायस्कूल सुरू झालं. करातून चालणारं असं हायस्कूल राज्यात दुसरं नव्हतं. पहिले मुख्याध्यापक रिचर्ड राइट स्वतः गुलामीत जन्मलेले. लहानपणी अटलांटाच्या शाळेत असताना जनरल हॉवर्ड भेटीला आले आणि त्यांनी पोरांना विचारलं, उत्तरेत परत गेल्यावर तुमच्याबद्दल काय सांगू? हा उठून म्हणाला, “सांगा, आम्ही वर येतोय.” त्या मुलाने उभी केलेली ही शाळा. १८९७ मध्ये काउंटीच्या शिक्षण मंडळाने ती बंद केली. कारण काय, तर ६० मुलांच्या हायस्कूलवर खर्च करायचा आणि ३०० लहानग्यांना मुळाक्षरांवाचून परत पाठवायचं, हे बरोबर नाही. तीच इमारत, तोच पैसा प्राथमिकला. मोठ्या मुलांनी मिशनच्या खासगी शाळांत जावं, फी साधारण तितकीच पडते. गोऱ्या मुलींचं हायस्कूल मात्र चालूच राहिलं. गोऱ्या मुलांच्या एका बॅप्टिस्ट शाळेला मंडळाचा पैसाही चालू राहिला.

इथे वर्गातला एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडे पण पट कमी म्हणूनच बंद केली, मॅडम.” मी त्याला नंतर बोलू म्हटलं. अजून बोललेले नाही.

कमिंग, हार्पर आणि लाडेव्हेझ हे तीन पालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं: हायस्कूलसाठीचा कर आम्हीही भरतो, मग आमच्या मुलांना हायस्कूल नसेल तर तो पैसा गोऱ्यांच्या हायस्कूलवर खर्च करायला मनाई हुकूम द्या. खालच्या कोर्टात जिंकले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. १८ डिसेंबर १८९९ रोजी निकाल लागला. एकमताने पालक हरले. निकाल लिहिणारा हार्लन.

काय लिहिलं? गोऱ्यांची शाळा बंद केल्याने काळ्या मुलांच्या पदरात काय पडणार? मंडळाने द्वेषापोटी हे केलं असा पुरावा नाही. कराचा लाभ आणि बोजा वंशावरून भेद न करता वाटला पाहिजे हे सगळ्यांना मान्य आहे, पण शाळा हा राज्यांचा विषय, हक्कांची उघड पायमल्ली दिसल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. आणि वेगळ्या शाळा हाच मुळात दोष आहे, असं युक्तिवादात म्हटलं गेलं खरं, पण दाव्याच्या कागदांत तो मुद्दा घेतलेला नाही, म्हणून त्याचा विचार नको.

ती मुलगी अजून उभीच होती. “इथे का नाही म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे?”

मी तेव्हा दिलेलं उत्तर वकिली होतं. दाव्यात नाही ते कोर्ट देत नाही. मागायला हवी होती शाळा, मागितला मनाई हुकूम. दाद चुकीची मागितली की चांगली केसही मरते, हे तुम्ही आत्ताच शिकून ठेवा. पोरांनी वहीत लिहूनही घेतलं. हे उत्तर खोटं नाही. आजही एखादा ज्युनिअर दावा घेऊन आला तर मी त्याला हेच सांगेन. पण प्लेसीत ज्याने रेल्वेच्या डब्यामागचा हेतू पुराव्याशिवाय ओळखला, त्याला चालू असलेली गोरी शाळा आणि कुलूप लावलेली काळी शाळा शेजारी शेजारी ठेवून हेतू दिसला नाही?

आणि मंडळाचं ते कारण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मागितलं होतं की नाही? उच्च शिक्षणावर उधळता, आधी प्राथमिक द्या, बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. फरक असा की कर शूद्र शेतकऱ्याच्या घामाचा आणि कॉलेजं भटांच्या पोरांची, असा जोतीरावांचा हिशेब होता. वरच्यांचं थोडं कमी करून खालच्यांना द्या म्हणून ते भांडत होते. ऑगस्टात वरच्यांच्या पैशाला कुणी बोटही लावलं नाही. काळ्यांच्याच थोरल्यांचं काढून काळ्यांच्याच धाकट्यांना दिलं, आणि भाषा वापरली गोरगरिबांच्या कळवळ्याची. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. १८९० मध्ये ते गेले. प्लेसीही त्यांना बघावा लागला नाही आणि कमिंगही नाही.

कमिंग तिथे थांबला नाही. पुढे वेगळ्या आणि निकृष्ट शाळांच्या समर्थनार्थ तो आधार म्हणून दाखवला जाऊ लागला. १९२७ मध्ये मिसिसिपीत एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवलं, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच दाखला दिला.

माझ्या त्या जुन्या टिपणांत दोन ओळी होत्या म्हटलं, त्या अशा: ‘कमिंग: सदोष प्लीडिंग्जमुळे (दाव्याचे कागदच चुकीचे). तत्त्वाचा प्रश्न खुला ठेवला.’ ती टिपणं लिहिणाऱ्या बाईशी माझं भांडण चालू आहे. मी तिच्यापुढे १९०८ चा बेरिया कॉलेजचा खटला ठेवते. काळी-गोरी मुलं एकत्र शिकवणाऱ्या खासगी कॉलेजवर केंटकीने बंदी घातली, कोर्टाने ती उचलून धरली आणि हार्लन पुन्हा विरोधात. वंशद्वेष आपल्यात इतका भिनला आहे का, असं त्याने विचारलं. जबरदस्त लिहिलं आहे. पण मध्येच एक वाक्य टाकलं: अर्थात, मी जे म्हटलं ते सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वजनिक शाळांच्या नियमांना लागू नाही. बघ, मी तिला म्हणते, इथे कुठे होतं सदोष प्लीडिंग? त्याला खरंच तसं वाटत होतं.

ती टिपणंवाली बाई गप्प बसणारी नाही. म्हणते, १९५० च्या आसपास काळ्यांचा वकील थर्गुड मार्शल सार्वजनिक शाळांतल्या वेगळेपणाविरुद्धचेच खटले लढत होता, तेव्हा प्लेसीतलं भिन्नमत वाचून बळ घ्यायचा, असं त्याच्या सहकारी कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी सांगून ठेवलं आहे. कमिंग त्याला माहीत नव्हता? बेरियातला अपवाद माहीत नव्हता? होता. त्याने कामाचं घेतलं आणि १९५४ मध्ये शाळा जिंकल्या. वकिलाने हेच करायचं असतं.

वकिलाने, हो. पण सकाळी साडेसातला मी त्या वर्गात कुणाची वकील म्हणून उभी नसते.